एक नट कमी

इंजिन खाली बसलं. तारिकनं साखळी सैल केली, बोल्ट हातानंच दोन आटे फिरवून पाहिले आणि हाक दिली, "काका, स्टेअरिंग फिरवा बरं जरासं."

सदाशिवराव जीपमध्ये चढले आणि त्यांनी चाक डावीकडे वळवलं. कर्र असा आवाज आला आणि चाक अडलं.

तारिक वाकून आत पाहत राहिला. नव्या इंजिनाचा मॅनिफोल्ड, म्हणजे बाहेरची हवा घेऊन चारही सिलिंडरांत वाटणारा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा जुडगा, बाजूला फुगून थेट स्टेअरिंगच्या दांड्यावर आला होता. मधे बोट जाईल एवढीसुद्धा जागा नव्हती. इंजिन मागे सरकवावं तर गिअरबॉक्स अडत होता. दांडा वाकवावा तर जीव सगळ्यांचे त्याच दांड्यावर. त्याला हात लावायची गोष्टच नव्हती.

"काय झालं?" सदाशिवरावांनी वरून विचारलं.

"काही नाई काका. हा मॅनिफोल्ड बदलवा लागते. मी बनवतो."

"बनवतो म्हंजे? किती दिवस?"

"चार-पाच दिवस."

सदाशिवराव खाली उतरले. आठ दिवसांचा वायदा होता, तो तसाही कधीच उलटून गेला होता.

हे इंजिन घालायचं तारिकच्याच डोक्यातून निघालं होतं. जीपचं जुनं इंजिन तडकलं तेव्हा सदाशिवराव ते नागपूरला नेऊन बांधून आणायला तयार होते. महिना-दीड महिना लागला असता. तारिक म्हणाला होता, काहून थांबता, अपघातातल्या पिकअपचं चांगलं इंजिन माझ्या ओळखीत आहे, आठ दिवसांत बसवून देतो. त्याला खरंच वाटलं होतं की बसेल. मारेगावात त्याच्या हाताला नाव होतं, आणि गाडी कुणासाठी हवी ते त्याला ठाऊक होतं.

गाडी हवी होती मैनाबाईसाठी. सदाशिवरावांच्या बायकोची किडनी दोन वर्षांपूर्वी निकामी झाली, तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला यवतमाळ. सदाशिवराव पहाटे गाडी काढायचे, आणि वाटेतल्या बंजारा तांड्यावरून जमनीला नि तिची आई धुरपताबाईला घ्यायचे. जमनी पंचवीसची होती. मैनाबाईच्या बाजूच्याच मशीनवर तिचं रक्त गाळलं जायचं. येताना दोघी मागच्या सीटवर एकमेकींच्या अंगावर रेलून झोपून जायच्या.

गाडी उभी राहिली ती नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत. तालुक्यातल्या साऱ्या जीपा नि पिकअप पहाटेपासून वेचणीच्या बायांना शेतात पोचवायला धावत होत्या. एखाद्या खेपेला कुणाची तरी गाडी मिळे, एखाद्या खेपेला नाही. मैनाबाई एसटीनं जाऊन येऊ शकायच्या. जमनीला ते झेपत नव्हतं. एकदा परत येताना ती बसमध्येच कोसळली, तेव्हापासून तिची आई धास्तावली होती.

तारिक त्याच दुपारी कामाला लागला. त्यानं इंजिनावर जाड पुठ्ठा धरला आणि ग्रीस लागलेल्या अंगठ्यानं दाबत नेला. भोकांच्या कडा पुठ्ठ्यावर काळ्या उमटल्या. तो नमुना त्यानं लोखंडी पट्टीवर चिकटवला आणि पट्टी कापली. नळ्या कोठून वळवायच्या याचा विचार करत तो बराच वेळ जाड तार घेऊन बॉनेटमध्ये वाकवून पाहत बसला. बाजूला जागा नव्हती, वर होती. म्हणून नळ्या इंजिनातून निघाल्या की लगेच वर उचलायच्या, स्टेअरिंगच्या दांड्यावरून न्यायच्या आणि वर एका लांबट डब्यात सोडायच्या. त्या डब्याला हवेच्या गाळणीचा पाइप. कागदावर ते साधं दिसत होतं. त्यानं नळ्यांत कोरडी वाळू ठासून भरली, तोंडं बंद केली आणि गरम करून वळवल्या. वाळूमुळे नळी चपटी होत नाही. तीन चांगल्या वळल्या, चौथी फाटली, ती पुन्हा केली.

वेल्डिंग झालं तेव्हा तो खूश होता. थंड झाल्यावर त्यानं पट्टी काचेवर ठेवून पाहिली. वेल्डिंगच्या उष्णतेनं पट्टी वाकली होती. मधे टेकत होती, दोन्ही टोकांना उचलली होती. तशीच बसवली असती तर टोकांच्या फटींतून बाहेरची धूळ गाळणी चुकवून सरळ सिलिंडरात गेली असती, आणि या रस्त्यांवर इंजिन महिनाभरही टिकलं नसतं. त्यानं ठोकून पाहिलं. जाड पॅकिंग घालून पाहिलं. नळ्यांत हवा भरून साबणाचं पाणी लावलं, तर दोन्ही टोकांना फेसाचे फुगे आले.

त्या शुक्रवारी धुरपताबाई नि जमनी त्याच्या दुकानात आल्या. एसटीसाठी स्टँडवर आल्या होत्या, पण जमनीला बसची पायरी चढता आली नाही. दम लागला. आईनं तिला कसंबसं दुकानापर्यंत आणलं आणि टायरांच्या चळतीवर बसवलं. जमनीचे पाय एवढे सुजले होते की चपला हातात होत्या. हजराबी, तारिकची बायको, घरातून खुर्ची घेऊन धावत आली.

"मंगळवारची खेप गेली," धुरपताबाई म्हणाली. "आज बी गेली. डॉक्टर म्हनते अंगात पानी भरून राह्यलं. कदी होते गाडी?"

तारिक वाकडी पट्टी हातात घेऊन उभा होता.

जमनीनं त्या वस्तूकडे पाहिलं. "हेच हाय का थे?" तिनं विचारलं. "येवढंसंच?"

"हो," तो म्हणाला. "येवढंसंच."

हजराबीनं ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी फोन लावले. अखेर एक माणूस त्या दोघींना तांड्यावर सोडायला तयार झाला. यवतमाळला न्यायला कुणीच मिळालं नाही. त्या गेल्यावर तारिक दुकानाच्या मागे गेला आणि भिंतीला डोकं लावून उभा राहिला. हजराबी मागोमाग आली.

"किसी और से करवा लो," ती म्हणाली. "नाक का सवाल मत बनाओ."

"और कौन करेगा? एक महिना लगेगा." मग तो हळूच म्हणाला, "मैंने ही बोला था आठ दिन."

दुसऱ्या दिवशी तो वणीला गेला आणि भंगाराच्या यार्डात त्याच जातीच्या इंजिनाचं जुनं हेड शोधत फिरला. हेड म्हणजे ज्याच्यावर मॅनिफोल्ड बसतो तो वरचा भाग. एक मिळालं, तडकलेलं, पण त्याच्या कामापुरतं चांगलं. ते त्यानं मोटारसायकलीला बांधून आणलं. नवी पट्टी कापली आणि या मेलेल्या हेडवर बोल्टांनी आवळून टाकली, म्हणजे उष्णतेनं वळायला तिला वावच उरला नाही. मग थोडं थोडं वेल्डिंग. इकडे एक टाका, मग तिकडे दुसऱ्या टोकाला एक, मग थांबायचं, हात लावता येईस्तोवर निवू द्यायचं. घाई सुटत होती आणि घाई करता येत नव्हती. सोमवारी दुपारी त्यानं बोल्ट सोडले. पट्टी काचेवर ठेवली. टॉर्चचा उजेड कोठूनही आरपार येत नव्हता.

आता आतली साफसफाई उरली. वेल्डिंगची खपली नळीच्या आतल्या बाजूला चिकटून राहते. ती सुटून सिलिंडरात गेली तर इंजिन गेलंच. आत हात पोचत नव्हता, म्हणून त्यानं जुनीच युक्ती केली. नव्या पुडीतले दहा बारके नट मॅनिफोल्डाच्या डब्यात टाकले, तोंडं चिंध्यांनी बंद केली आणि सगळं दोन्ही हातांनी जोरजोरानं हलवलं. नट आत आपटत फिरले. उलटं केलं तेव्हा खपलीचा काळा भुगा पोत्यावर पडला, त्यात नट पडले. त्यानं हवा मारली, तेच नट आत टाकून पुन्हा हलवलं. दुसऱ्यांदा ओततानाच लाइट गेली. दुकान एकदम अंधारलं. त्यानं मॅनिफोल्ड दारापाशी उजेडात नेला, आत डोळा लावून पाहिलं, आणि बसवायला घेतला.

दिवस मावळायच्या आत इंजिन सुरू झालं. सदाशिवराव, मैनाबाई, शेजारचे दुकानदार सगळे जमले. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना मोकळं फिरत होतं. साबणाच्या पाण्याला कोठेही फुगा आला नाही. तासभर इंजिन एका सुरात चाललं. मैनाबाईनं तारिकच्या डोक्यावर हात ठेवला.

मंगळवारी उजाडता उजाडता जीप निघाली.

हजराबी दुकान झाडायला आली तेव्हा तारिक चहा पीत बसला होता. तिनं पोतं झटकलं आणि नट वेचून पुडीत भरले.

"नौ ही है," ती म्हणाली. "दस थे ना?"

तारिकनं कप खाली ठेवला. "फिरसे गिन."

तिनं पुन्हा मोजले. नऊ.

त्यानं पोतं उलटंपालटं केलं. मग गुडघ्यांवर बसून मेजाखाली, टायरांमागे, तेलाच्या डब्यांमधून हात फिरवला. लोहचुंबक दोरीला बांधून फरशीवरून ओढला. बोल्ट आले, खिळे आले, तारांचे तुकडे आले. तो नट आला नाही. अंधारात घरंगळत गटारात गेला असेल. किंवा आतच राहिला असेल, दुसऱ्यांदा ओतताना. डब्याचा तळ नळ्यांच्या तोंडांपेक्षा थोडा खाली होता. उभ्या गाडीत तासभर इंजिन चालवलं तरी नट तिथं नुसता पडून राहिला असता. पण गाडी खड्ड्यात आदळली, चढाला लागली, तर उसळून नळीत, आणि नळीतून सिलिंडरात. चालत्या इंजिनात लोखंडाचा नट. पिस्टन फुटतो, इंजिन जागच्या जागी जाम होतं. इंजिनाचा जोर गेला की ब्रेक दगडासारखा कडक होतो. आणि यवतमाळच्या अलीकडे घाट आहे.

त्यानं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"उनको बोल दिया तो वो रुक जाएँगे," हजराबी म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. "और वो लड़की?"

तारिक उठला. पाने पिशवीत टाकले, मोटारसायकल काढली आणि निघाला.

रस्त्यानं तो फोन लावतच होता. करंजी आली, गेली. रस्त्यावर जीप कोठे बंद पडलेली दिसते का ते पाहत तो चालला होता. दिसली नाही की त्याला बरं वाटे आणि लगेच आणखी भीती वाटे. कदाचित नट आत नसेलच. कदाचित उगाचच. आणखी थोडा वेळ फोन लागला नाही तर त्या पोचून जातील, आणि कुणाला काही कळणारही नाही. मोहद्याच्या पुढे त्याचा अंगठा बटणावर क्षणभर थांबला, मग त्यानं फोन लावला आणि तो लागला.

"बोल तारिकभाई!" सदाशिवरावांचा आवाज मोकळा होता. "मस्त चालून राह्यली गाडी."

"काका, गाडी थांबवा."

"काय?"

"थांबवा. इंजिन बंद करा. मॅनिफोल्डात नट राह्यला असन. मी येऊन राह्यलो मागून."

पलीकडे इंजिनाचा आवाज तसाच येत होता. "असन म्हंजे? हाय का नाई?"

"मले मालूम नाई."

"अरे, जोडमोहा आलंच! अर्ध्या-पाऊण घंट्यात पोचतो. पोरीचा जीव कासावीस होऊन राह्यला अन् तू म्हनतो थांबा?"

"पुढे घाट हाय काका. घाटात इंजिन जाम झालं तं गाडी नाई आवरणार तुमच्यानं. पाया पडतो. थांबवा."

इंजिनाचा आवाज बंद झाला.

तो पोचला तेव्हा जीप रस्त्याच्या कडेला सागाच्या झाडांखाली उभी होती. जमनीला आडवं होता येत नव्हतं. आडवं झालं की श्वास कोंडायचा. ती आईच्या छातीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, तोंड उघडं, ओठ निळसर. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर उचलले जात होते. मैनाबाई पदरानं तिला वारा घालत होत्या. ॲम्ब्युलन्सला फोन झाला होता, पण ती लांबून येणार होती. दोन मोटारी हात दाखवूनही थांबल्या नव्हत्या.

धुरपताबाईनं तारिककडे पाहिलं. "तुले आत्ताच आठवलं?" ती म्हणाली. एवढंच.

तारिकनं मोटारसायकल रस्त्यात आडवी टाकली. यवतमाळकडे जाणारा कापसाच्या गाठींचा ट्रक मागून येताना दिसत होता. तो हॉर्न वाजवत आला आणि अगदी जवळ येऊन करकचून थांबला. ड्रायव्हर शिव्या देतच खाली उतरला. धुरपताबाई पोरीला मैनाबाईच्या हाती देऊन धावली. ड्रायव्हरच्या गळ्यातलं लॉकेट पाहून की त्याच्या बोलण्यावरून, तिनं ओळखलं की हा आपल्यातला आहे. "भिया," ती म्हणाली, म्हणजे भाऊ, आणि मग गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काय काय बोलत राहिली. ड्रायव्हरचा चेहरा बदलला. त्याचं नाव धरमसिंग. त्यानं क्लीनरला गाठींवर चढवलं, आणि सदाशिवराव नि तो अशा दोघांनी मिळून जमनीला उचलून केबिनमध्ये बसवलं. धुरपताबाई तिला मागून धरून बसली. मैनाबाईसुद्धा चढल्या. "तिथं सगळे मले ओळखते," त्या म्हणाल्या. "मी बोलतो त्यायच्याशी. तुमी गाडी पाहा."

ट्रक गेला. रस्ता रिकामा झाला.

तारिकनं बॉनेट उघडलं. इंजिन गरम होतं. चटके बसत होते, पण थांबायचा धीर नव्हता. सदाशिवराव पाने हातात देत होते. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा तारिकनं मॅनिफोल्ड सरळ वर उचलला, वाकडा होऊ दिला नाही, आणि फडक्यावर उलटा केला.

काही पडलं नाही.

त्यानं हलवला. आवाज नाही. प्रत्येक नळीत तार घालून पाहिली, टॉर्च मारून पाहिली. मग इंजिनाच्या चारही भोकांत एकेक करून डोकावला, चुंबक सोडला, बोट घातलं. काही नाही. कोठे खरचटल्याची खूण नाही, सगळं स्वच्छ.

"नाई?" सदाशिवरावांनी विचारलं.

"नाई."

सदाशिवराव रस्त्याच्या कडेला खाली बसले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"म्हंजे पोचलो असतो आपन," ते म्हणाले.

"हो."

तारिकनं मॅनिफोल्ड पुन्हा बसवला. एक बोल्ट दोनदा तिरपा गेला. मधेच त्याला काही दिसेनासं झालं. त्यानं बाहीनं डोळे पुसले, तर बाहीवरचं ग्रीस डोळ्यांत गेलं. तो तसाच आवळत राहिला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तोच सूर.

घाट चढून ते वर आले तेव्हा मैनाबाईचा फोन आला. सदाशिवरावांनी गाडी बाजूला घेतली आणि फोन कानाला लावला. तारिक त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. पलीकडून मैनाबाई बोलत होत्या आणि सदाशिवराव नुसते "हं, हं" म्हणत होते.

"मशीनवर घेतलं," अखेर ते म्हणाले. "ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हनते, अजून काही सांगता येत नाई."

दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. तारिक त्या दोन दिवसांत मारेगावला परतलाच नाही. दवाखान्याच्या आवारात बसून राहिला. हजराबी फोनवर विचारायची, खाल्लं का, आणि तो हो म्हणायचा. तिसऱ्या दिवशी जमनीनं आईकडे चहा मागितला. बिनदुधाचा, घोटभर, तेवढाच चालत होता.

पुढल्या आठवड्यात ती घरी आली. आणि त्यानंतरच्या मंगळवारी पहाटे सदाशिवरावांनी जीप काढली तेव्हा तारिक पाने घेऊन दाराशी उभा होता.

"मी बी येतो," तो म्हणाला.

"काहून? गाडी चांगली चालून राह्यली."

"चालू द्या. मी येतो."

तांड्यावर धुरपताबाईनं त्याला मागच्या सीटवर पाहिलं आणि ती दारातच थांबली. जमनी तिच्या खांद्याला धरून उभी होती, बारीक झालेली, पण पायांत चपला होत्या. तारिक उतरला आणि बाजूला झाला.

"बाई," तो म्हणाला, "मले..."

"नको सांगू काही," ती म्हणाली. "माह्या पोरीले तू रस्त्यावर बसवलं. तिचा जीव जाता जाता राह्यला. थे मी नाई इसरणार."

"याडी," जमनी आईला हळूच म्हणाली.

"बोलू दे मले." धुरपताबाईचा आवाज फुटला. "तू फोन नसता केला, अन् घाटात काही झालं असतं, तं बी मी तुलेच बोललो असतो. हे बी मले समजते. पन मनाले नाई समजत. काय करू?"

तारिकनं जीपचं दार पूर्ण उघडलं. तिनं पोरीला आत चढवलं, मैनाबाईजवळ बसवलं, स्वतः बसली. मग आतून दार धरून म्हणाली, "चढ ना आता. उशीर होते."

तारिक मागच्या फळीवर चढला. करंजी यायच्या आधीच जमनी मैनाबाईच्या खांद्यावर झोपली. तो मात्र रस्ताभर इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. त्या दिवशी, पुढच्या शुक्रवारी, आणि त्यानंतरच्याही कितीतरी खेपांना.